साहेबांचा सदरा, मागची पोरं

मंगळवार पेठेत चौकातल्या फ्लेक्ससाठी साहेबांचा फोटो काढायचा तर रॉमध्येच. जेपेगमध्ये एका रंगाच्या 256 पायऱ्या, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. त्यामुळं उन्हात पांढराफटक पडलेला साहेबांचा कडक इस्त्रीचा सदरा, हायलाइट खाली ओढला की सुरकुत्यांसकट परत येतो. सेन्सरचे तिन्ही रंग काठोकाठ भरले नसतील तरच, बरं का! भरले, तर कुणाचा बाप आला तरी तिथं नुसता राखाडी लेप. म्हणून जाणते आधीच एक्स्पोजर कमी ठेवतात. मग मागं उभी तालमीची पोरं काळोखात जातात. शॅडो उचलून त्यांना वर आणता येतं. फक्त चेहऱ्यांवर रंगीत दाणे उठतात. पण साहेबच म्हणतात, "ह्यास्नी कशाला उजेडात आणतोयस?" फ्लेक्सची वर्गणी त्याच पोरांची.