रक्ताचं नातं, थेट नळीतून

हिंदी सिनेमात भावंडांची ताटातूट व्हायला कुठलंही निमित्त चालतं. 'वक्त'मध्ये (१९६५) भूकंप पुरला, 'यादों की बारात'मध्ये (१९७३) आईबापांचा खून. मनमोहन देसाईंनी 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) भेटीसाठी थेट वैद्यकशास्त्र राबवलं. तिघांचं रक्त गुरुत्वाकर्षणाला न जुमानता नळ्यांतून वर बाटलीत चढतं आणि तिथून आईच्या शिरेत उतरतं. ही आपली आई, हे तिघांनाही ठाऊक नाही. प्रेक्षकांना ठाऊक आहे, म्हणून ते डोळे पुसताहेत. शंका काढणाऱ्याने विज्ञानपट बघावा. आता मात्र पंचाईत आहे. आधारच्या यंत्रावर अंगठा टेकवला की पहिल्याच रिळात भाऊ सापडणार. मग मध्यंतरापर्यंत समोसे कुणी विकायचे?