सोवळ्यातला कोळसा

‘कोळसा घाण होतो,’ हे वाक्य शंभर माणसांत म्हणून बघा. नव्व्याण्णव हसतील. शंभरावा लोहार असेल, तो गंभीरपणे विचारील, ‘कुणाच्या मांजरानं?’

हा शंभरावा सांगोल्यापासून मंगळवेढ्यापर्यंत कुठल्याही बाजारगावात भेटतो. नाव काहीही असो, गाव त्याला आबा म्हणतं. आबांचं धोतर एके काळी पांढरं होतं, याला आता साक्षीदार उरलेला नाही. आंघोळ करून आले तरी कानाच्या पाळीमागं कालचा दिवस शिल्लक असतो. आणि हाच माणूस कोळशाच्या ढिगातलं एक पीस चिमटीत धरतो, उजेडाला लावतो आणि कोंबडीच्या मालकिणीचं नाव सांगतो.

लोहाराच्या दारात जनावरं न येऊन सांगतात कुणाला! मृग सात जूनला निघतो, त्याच्या आधी पंधरा दिवस साऱ्या गावाला एकदम आठवतं, की फाळ बोथट आहे, कुळवाची पास झिजली आहे, कुऱ्हाड शेवटून आणायची आहे. गाड्या येतात, बैल येतात. गाडीतून सांडलेल्या ज्वारीमागं कोंबड्या येतात. कडब्याच्या वासानं शेळ्या येतात. कुत्रं तर मुक्कामालाच असतं, कारण थंडीच्या रात्री भट्टीच्या कोमट राखेसारखं अंथरूण गावात दुसरं नाही.

आबांच्या कोर्टात प्रत्येकाला निराळं कलम. बैलानं शेण टाकलं तर माफी. ‘गोवरीचंच घराणं त्ये, जळून जातंय.’ शेळीचं प्रकरण जरा नाजूक, कारण वाळलेली लेंडी आणि कोळशाचा बारका खडा यांत फरक करायला फार तयारीची नजर लागते. नवा पोऱ्या दोन्ही एकाच फावड्यानं भट्टीत लोटतो आणि मग धूरच त्याला फरक समजावून सांगतो.

कोंबडीचा गुन्हा मोठा. ती ढिगात शिरते, पंख पसरून कोळशाच्या भुकटीची आंघोळ करते आणि पायानं उकरून अर्धा ढीग अंगणात पसरते. पांढरी कोंबडी काळी होऊन घरी जाते, त्यावरून होणारं भांडण वेगळंच. आबांचं दुःख असं, की पसरलेला कोळसा झाडून गोळा केला की अंगणातली मातीही बरोबर येते. कोळसा जळून जातो, माती जळत नाही. ती आगीच्या पोटात वितळते आणि तिची काचेसारखी चिकट ढेप होऊन वाऱ्याच्या नळीच्या तोंडाशी बसते. वारा अडला, की पंखा कितीही फिरवा, लोखंड आपलं लालच्या लाल. दोन तुकडे सांधायचे तर ते पिवळं-पांढरं व्हावं लागतं, १२००-१३०० अंशांपर्यंत. वर टाकणखार टाकायचा आणि घण घालायचा. सांध्यात कचरा राहिला, तर फाळ पहिल्याच तासाला उकलतो आणि शिव्या कोंबडीला नाही, आबांना बसतात.

पण खरं वैर मांजराशी. मांजराला निसर्गानं दोन गोष्टी दिल्या आहेत : अंगाची स्वच्छता आणि ती राखायला दुसऱ्याची जागा. कोरडी, भुसभुशीत, पावसाला आडोशाची आणि सहज उकरता येणारी अशी जागा म्हणजे आबांचा कोळसा. त्यातून तो वेड्या बाभळीचा. अमेरिकेतून आलेलं हे झाड शेतकऱ्याच्या बांधाचा शत्रू आणि आबांचा अन्नदाता. त्याचा कोळसा अंगानं सच्छिद्र. जे मिळेल ते पिऊन घेतो. पाऊस प्यायला तर वजन वाढतं आणि आबा पाण्याला कोळशाचा भाव मोजतात. मांजराचं प्यायला तर वरून काही कळत नाही. पोऱ्या पंख्याची मूठ फिरवतो, धग चढते आणि बैलाचा कासरा धरून उभा असलेला शेतकरी बैलाकडं संशयानं बघतो.

आबांनी काय नाही केलं! ढिगाभोवती बाभळीचे काटे लावले. त्यांत पोऱ्याचाच पाय गेला. पोती शिवून ठेवली. शेळीनं सुतळी खाल्ली. शेवटी तेलाचं पिंप आणलं, विटांवर चढवलं, त्याला झाकण आणि झाकणावर धोंडा. आता दिवसभर ‘झाकण घाल!’ हा जप चालतो. देव्हाऱ्यातला दिवा विसरतील, झाकण विसरणार नाहीत. एखाद्यानं चिलमीसाठी कोळसा मागितला, तरी आबा चिमट्यानं देतात; हात घालू देत नाहीत.

हे मांजर शेजारच्या गुरुजींचं. उंदीर धरला त्या दिवशी ते ‘आमची मनी’ होतं. आबा तक्रार घेऊन गेले, तेव्हा गुरुजी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, ‘‘आबा, मांजर काय, कुणाचंच नसतं.’’

आबा परत आले. पिंपात हात घालून त्यांनी आधीच बाधलेला कोळसा निवडून वेगळा काढला आणि पोत्यात भरून ठेवला. भट्टीला चालत नाही आणि टाकवत नाही, असं एक पोतं प्रत्येक आबांच्या दुकानात असतं.

पुढं गुरुजींच्या भाच्याचं लग्न आलं. आदल्या दिवसापासून वीज गेलेली. माळ्यावरची कोळशाची इस्त्री काढून गुरुजी दारात हजर.

‘‘आबा, चार कोळसे मिळतील का?’’

‘‘चार कशाला, पाटी भरून न्या की. तुमच्याच घरचा हाय.’’

गुरुजींना हा शिष्टाचार वाटला. त्यांनी सदरा, धोतर, उपरणं सगळं कडक करून घेतलं. मांडवात उकाडा होता आणि पंगतीला गर्दी; तरी गुरुजींच्या दोन्ही अंगांची पानं शेवटपर्यंत मोकळीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते दुकानाशी आले. ‘‘आबा, त्या कोळशाला कसला तरी वास होता हो. कुणाचा म्हणायचा?’’

आबांनी पिंपावरचा धोंडा नीट सारखा केला.

‘‘वास काय गुरुजी, कुणाचाच नसतो.’’