चौरसमीटर नाना

नव्या शेततळ्याच्या काठावर उभं राहिलं की कोणीही पहिल्यांदा विचारतो, "पाणी किती बसंल?" नाना विचारत नाहीत. पाण्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. ते वाकून उताराकडे बघतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "कागद केवढा सांगितला?"

कागद म्हणजे तळ्यात अंथरायचं पाचशे मायक्रॉनचं प्लास्टिक. जालना जिल्ह्यात असे नाना गावोगाव निघाले ते तळ्यांमागोमाग. कडवंची गावाने द्राक्षांसाठी तळी खोदली, 2012-13च्या दुष्काळाने बाकीच्यांना शहाणं केलं, 2016 साली सरकारची 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. तळं मागेल त्याला मिळू लागलं. नाना न मागताच मिळाले.

तीस बाय तीसचं, तीन मीटर खोल तळं. मालक म्हणतो, "तीस गुणिले तीस नऊशे. वर पन्नास धरा." नानांना हे ऐकून शारीरिक त्रास होतो. "अहो, तळं म्हणजे सतरंजी आहे का?" काडी घेऊन ते मातीत आकृती काढतात. उतार दीडास एक, म्हणजे तळ उरला एकवीस बाय एकवीस. तीन मीटर उतरताना साडेचार आत गेलो, तेव्हा तिरकी बाजू पाच मीटर एक्केचाळीस. दोन्हीकडच्या मिळून दहा ब्याऐंशी. "वर काठाच्या चरात गाडायला एकेक मीटर. झाला तेहतीस ब्याऐंशीचा चौरस. अकराशे चव्वेचाळीस!"

मालक दुकानदाराचं ऐकतो आणि साडेनऊशेच आणतो. कागद उतारावर चढत चढत काठाच्या हातभर खाली संपतो. त्या दिवशी नाना तिथे हजर असतात. बोलत नाहीत, नुसते तंबाखू मळतात. ते बोलले असते तर परवडलं असतं.

जोड मारणाऱ्या पोरांनाही त्यांचा धाक आहे. कोपऱ्यात चुण्या पडल्या की मालक ओरडतो, कागद वाया गेला म्हणून. नाना त्याला गप्प करतात. "सपाट कागद खड्ड्यात बसवायचा तर कोपऱ्याला पाच चौरस मीटर जास्तीचा येणारच. तो वाया नाही, तो भूमितीचा वाटा."

अडचण इतकीच की तळं संपलं तरी नाना संपत नाहीत. जगातली प्रत्येक वस्तू त्यांना नुसती वरून दिसते. पंचायतीची टाकी दिसली, की रंग किती लिटर. लग्नात आचाऱ्याचं पातेलं दिसलं, की कल्हईला कथील किती. आत बासुंदी आहे हे त्यांना पंगत उठल्यावर कळतं. पाहुण्याकडे मोसंबी पुढे केली तर ते ती मधोमध कापून घेतात, कागदावर ठेवून पेन्सिलीने चार गोल काढतात आणि सालीचे बारके तुकडे करून ते गोल भरत बसतात. "बघा, चारही भरले. गोळ्याची साल म्हणजे मधल्या कापाच्या चौपट!" घरची लेकरं खूश होतात. मोसंबी तोवर सुकलेली असते. यजमान मनात म्हणतो, पुढच्या वेळी चहाच द्यावा. कपाचा बाहेरचा भाग किती, हे नाना चहा निवेस्तोवर सांगतील, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही.

एवढा हिशेबी माणूस, पण अंगातला सदरा बघावा तर गुडघ्यापर्यंत, बाह्या बोटांच्या पुढे. गावातल्या शिंप्याला एकदा कोणीतरी याबद्दल छेडलं, तर तो उखडलाच. "माप मी बरोबर घेतो हो! पण कापड किती ते नाना सांगतात, अन् वर दम देतात, चारी बाजूंनी चराचं सोडलंस ना?"