शून्य ते शंभर, व्हाया भुशी

२०२० ची पोर्शे ९११ टर्बो एस ताशी शून्यावरून शंभर किलोमीटरवर २.७ सेकंदांत पोचते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना वेगाची मर्यादाही नेमकी शंभरच. म्हणजे कोट्यवधींची मजा पावणेतीन सेकंदांत आटोपली; पुढचं सगळं चलनाच्या कॅमेऱ्यासाठी.

मग मालकांचं लक्ष ब्रेककडे जातं. रेसचे पॅड येतात, भोकं पाडलेल्या डिस्क येतात. ब्रेक ऑइलवर तर प्रवचनंच झडतात: ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत दम धरतं, ओलावा शोषलेलं १५५ लाच उकळू शकतं, वगैरे. आणि पावसाळी रविवारी हा सगळा ऐवज भुशी धरणाच्या रांगेत, भिजक्या एसटीच्या मागे उभा! रेसचे पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. इथे तापतो तो फक्त मालक. काचेपलीकडून कणीसवाला लिंबू-मीठ चोळत विचारतो, “साहेब, देऊ का एक? रांग काय एवढ्यात हलत नाही.”

तिकडे खंडाळ्याच्या घाटात लादलेला ट्रक खालच्या गियरमध्ये, इंजिनाच्या जोरावर वेग आवरत निवांत उतरतो. अपग्रेडचा खर्च शून्य.

तरीही हौस असेलच, तर भुशीला निघताना हँडब्रेक तेवढा तपासून घ्या. दिवसभर तोच लागणार आहे.