डाव्या पायाचा बूट, उजव्या हाताचं दान

घरातलं कपाट भरलं की माणसाला जगातलं दारिद्र्य आठवतं. हा क्रम उलटा झालेला कुणी पाहिलेला नाही. दिवाळीची झाडलोट निघाली किंवा जूनमध्ये शाळेचे नवे बूट आले, की वसईजवळच्या आमच्या गोखिवऱ्यातल्या सोसायट्यांमध्ये करुणेची लाट येते आणि परदेशातल्या अनवाणी मुलांसाठी वॉचमनच्या केबिनशेजारी एक खोकं उभं राहतं. परदेशच का, याला कारण आहे. जवळच्या गरजूची मोठी अडचण ही असते की तो जवळ असतो. तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या पाड्यावरचं पोर उद्या रस्त्यात भेटू शकतं, आणि आपण दिलेल्या पँटची चेन कुठपर्यंत लागते हे आपल्याला भर चौकात बघावं लागतं. आफ्रिकेतलं पोर तक्रार घेऊन येत नाही. ते फक्त फोटोत हसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्या कारभारात करुणेची कमतरता नाही, खोक्यांचीही नाही. कमतरता आहे ती 'हे नको' असं तोंडावर सांगणाऱ्या माणसाची.

पूर्वी हे काम बोहारीण चोख करत असे. दारात बसून ती प्रत्येक कपडा उजेडात धरायची, शिवण ताणून बघायची, काखेतला विरलेला भाग बरोबर शोधून काढायची आणि मालकिणीच्या डोळ्यांदेखत तो बाजूला टाकायची. जरीचा काठ दाखवून पातेलं मागणाऱ्या बाईला ती चहाच्या गाळणीवर आणून ठेवायची. तिच्यापुढे प्रतिष्ठित घराण्यांची अब्रू गेलेली आहे, पण फाटका कपडा पुढे गेला नाही. कारण तो तिला पुढे विकायचा होता. गिऱ्हाईक नको म्हणेल ही भीती तिच्या पाठीशी होती. दानाच्या खोक्याला असली कसलीच भीती नसते. ते मुकाट्याने सगळं पोटात घेतं: इलॅस्टिक गेलेली चड्डी, सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेचा पाठीवर सिमेंटची जाहिरात असलेला टी-शर्ट, लग्नात एकदाच घातलेली मोजडी, वसईच्या दमट हवेत ज्याची घडी कधी मोडलीच नाही तो स्वेटर, आणि बुटांपैकी फक्त डावा. उजवा कुठे गेला हे कुत्र्यालाच ठाऊक. मुलांसाठी म्हणून मांडलेल्या खोक्यात निम्मा माल काकांच्या मापाचा असतो, हा आणखी एक चमत्कार.

ही थट्टा वाटत असेल तर 2001 च्या भूकंपानंतरचं कच्छ आठवावं. देशभरातून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तिथे रस्त्याच्या कडेला पडून राहिले. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तेच झालं. नागपट्टिणमच्या मच्छीमारांनी दुसऱ्यांचे उतरलेले कपडे अंगाला लावायला नकार दिला. वसईच्या कोळीवाड्यात राहणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. दर्यावर जाणारा माणूस होडी गमावतो, मान गमावत नाही. शेवटी 'गूंज' या संस्थेने ते बेवारस ढीग गोळा करून निवडले आणि कामाला लावले. 1999 मध्ये ही संस्था सुरू करणाऱ्या अंशू गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडे देण्याबद्दल पुरस्कार घेणारे आपल्यात पुष्कळ सापडतील. दुसऱ्यांनी दिलेले कपडे निवडल्याबद्दल इतका मोठा सन्मान क्वचितच कुणाला मिळाला असेल, आणि खरं काम तेच होतं.

समुद्र ओलांडल्यावर तर गंमत वाढते. श्रीमंत देशांतले उतरलेले कपडे गाठोड्यांनी आपल्याच कांडला बंदरात येतात. तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात बायका ते प्रतवारीने निवडतात, आणि त्यातला बराचसा माल आफ्रिकेकडे रवाना होतो. म्हणजे ज्या बाजारात जगाचा जुना माल आधीच ओसंडून वाहतो आहे, तिथे गोखिवऱ्याचं खोकं वरून पोचणार. घानाच्या अक्रा शहरातल्या कांतामांतो बाजारात जुन्या कपड्यांची गाठोडी रोज फुटतात आणि न खपलेलं बरंच काही नाल्यांत आणि समुद्रकिनाऱ्यावर जातं. आपल्या महापालिकेची कचराभूमी गोखिवऱ्यातच, भोयदापाड्याला आहे. जो कपडा भोयदापाड्याला जायचा, तो आपण भाडं भरून अक्राला पाठवतो आणि वर पुण्य मागतो. गार्थ फ्रेझर या अर्थशास्त्रज्ञाने 2008 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार 1981 ते 2000 या काळात आफ्रिकेत तयार कपड्यांच्या उद्योगातले जे रोजगार घटले, त्यातली सुमारे 50 टक्के घट या जुन्या कपड्यांच्या आयातीने झाली. यावर कुणी म्हणेल की तो व्यापार आहे, दान नव्हे. खरं आहे, पण त्या व्यापाराचा बराचसा माल कुठल्या ना कुठल्या दानाच्या खोक्यातूनच निघालेला असतो. रवांडाने 2016 मध्ये जुन्या कपड्यांवरचा कर किलोला 20 सेंटवरून अडीच डॉलरवर नेला, तर 2018 मध्ये अमेरिकेने रवांडाच्या कपड्यांना दिलेली करसवलत थांबवली. आमचे जुने सदरे घ्या, नाहीतर तुमचे नवे आम्ही घेणार नाही! असा आग्रह आपल्याकडे फक्त लग्नाच्या पंगतीत होतो.

'काहीच नसण्यापेक्षा जुनं काय वाईट?' हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्याला झटकून चालणार नाही. अनवाणी पायाला काटा लागतो, जंत होतात, बूट हवाच. पण जुना बूट पहिल्या मालकाच्या पायाचा आकार घेऊन बसलेला असतो, आणि मुलाचा पाय कुणाच्या सोयीने वाढत नाही. शिवाय काहीच नसणं आणि आपला जुना बूट यांच्यामध्ये तिथल्या बाजारात मिळणारी नवी चप्पल असते, हे आपण विसरतो. पुठ्ठ्याचं खोकं, भाडं, जकात यांचे पैसे तिथल्या एखाद्या शाळेला थेट दिले, तर बूट मुलाच्या मापाचा येतो आणि तिथल्या दुकानदाराचंही पोट भरतं. तेही रामबाण नाही. टॉम्स या अमेरिकन कंपनीने विकलेल्या एका जोडामागे एक जोड बूट फुकट वाटला, आणि त्याचा अभ्यासही होऊ दिला, हे तिचं मोठेपण. ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी एल साल्वादोरमध्ये पाहिलं, तर मुलांना बूट आवडले, त्यांनी ते घातलेही; पण आयुष्यात फारसा फरक पडला नाही. 'आमच्या घरच्या गरजा दुसऱ्यांनी भागवाव्यात' असं म्हणणाऱ्या मुलांचं प्रमाण मात्र बूट न मिळालेल्यांत 66 टक्के, तर मिळालेल्यांत 79 टक्के निघालं. हे नव्याकोऱ्या बुटांचं झालं. आपल्या डाव्या बुटाने काय साधेल ते सांगायला नको.

'देणाऱ्याची भावना बघावी' असंही म्हणतात. बघावी की, पण भावना पायात घालता येत नाही. आणि 'मग जुन्याचं करायचं काय?' असं कुणी चिडून विचारलं, तर उत्तर पायी जाण्याच्या अंतरावर आहे. गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या गाळ्यांमध्ये मशिनं पुसायला सुती चिंध्या रोज लागतात. तुमच्या बनियनला तिथे मानाची नोकरी आहे. जुन्या स्पोर्ट्स शूजचे तळवे काढून शाळकरी मुलांसाठी नव्या चपला बनवण्याचं काम श्रीयंस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी सुरू केलेली 'ग्रीनसोल' ही कंपनी नवी मुंबईत करते. त्यात जुन्याचं नवं होतं आणि ते मापाचंही होतं.

तरीही परदेशी पाठवायचंच असेल, तर जरूर पाठवा. फक्त आधी तिथल्या माणसाला विचारा की काय हवं, किती हवं, कोणत्या मापाचं हवं. आणि तो 'काही नको' म्हणाला तर रागावू नका. सोसायटीतल्या सर्वांत खवट आजींना खोक्याजवळ खुर्ची टाकून द्या आणि त्यांना नाही म्हणायचे पूर्ण अधिकार द्या. कपडे धुऊन, बटणं लावून द्या. बुटांचे नंबर वर लिहा, जोड नाडीने एकमेकांना बांधा, आणि त्यात एक डावा, एक उजवा आहे ना, एवढं तेवढं बघून घ्या.