काढा, पण आधी ऐका

‘सरकारी नोकराला कोणी हात लावू शकत नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या खात्रीने म्हटले जाते की, ते कायद्यातच लिहिले असावे असे वाटते. कायद्यात तसे काही नाही. संविधानाच्या कलम ३११ मध्ये दोन साध्या अटी आहेत. ज्याने नेमणूक केली त्याच्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करायचे नाही. आणि बडतर्फ करण्याआधी, काढून टाकण्याआधी किंवा खालच्या पदावर ढकलण्याआधी आरोप कळवायचे, चौकशी करायची, बाजू मांडायला वाजवी संधी द्यायची. दोष सिद्ध झाला, तर खुशाल घरी पाठवा. शेजारचे कलम ३१० तर म्हणते की ही नोकरी राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच. ३११ एवढेच सांगते की, मर्जी फिरली तरी आधी विचारा.

हा लगाम इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. १९३५च्या भारत सरकार कायद्याच्या कलम २४० मध्येही बाजू मांडण्याच्या संधीची तरतूद होती. परक्या सरकारलाही आपल्या कारकुनाचे ऐकून घेणे भाग होते. आपल्या सरकारला त्याचा जाच वाटावा, हे लाजिरवाणे आहे.

या संरक्षणाचा खरा लाभार्थी कर्मचारी नाही, आपण आहोत. जो रस्ता झालाच नाही त्याच्या बिलावर सही करायला उपअभियंता नकार देतो, कारण सही केली नाही म्हणून संध्याकाळी नोकरी जाणार नाही, याची त्याला खात्री असते. ती खात्री काढून घ्या, बिल दुसऱ्या दिवशी मंजूर होईल. खड्डे मात्र तुमच्या-माझ्या वाट्याला येतील. ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत सरदार पटेलांनी सनदी सेवकांची बाजू याच मुद्द्यावर लढवली होती. आपल्या मताविरुद्ध टिपण लिहिण्याची मोकळीक आपण आपल्या सचिवाला दिली आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले होते. ‘होय साहेब’ म्हणणाऱ्यांना संरक्षण लागत नाही. ते ‘नाही साहेब’ म्हणणाऱ्याला लागते.

मग कामचुकार आणि लाचखोर वर्षानुवर्षे टिकतात कसे? ते कलम ३११ मुळे टिकत नाहीत, चौकशी न संपवणाऱ्या साहेबांमुळे टिकतात. महाराष्ट्रात १९७९चे शिस्त व अपील नियम आहेत. मोठ्या शिक्षेसाठी नियम ८ खाली विभागीय चौकशी करायची, हे प्रत्येक आस्थापना शाखेला पाठ असते. पण दोषारोपपत्र वेळेवर निघत नाही, चौकशी अधिकारी बदलून जातो, फाइल कपाटात पडून राहते. निलंबित माणूस निर्वाह भत्ता घेत घरी बसतो. दोषी असेल तर जनतेचा पैसा वाया जातो, निर्दोष असेल तर त्याची उमेद संपते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही, तर निलंबन पुढे रेटता येणार नाही. विलंबावर औषध आहे. ते द्यायचे हात साहेबांचे आहेत, कायद्याचे नाहीत.

मुंबई पोलिस दलातले सचिन वाझे यांचेच पाहा. २००४ मध्ये ते ख्वाजा युनूसच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात निलंबित झाले. जून २०२० मध्ये, खटला चालू असतानाच, ते पुन्हा सेवेत आले. त्यांना कलम ३११ ने आणले नाही, प्रशासनाने निर्णय घेऊन आणले. पुढच्या वर्षी अंबानींच्या ‘अँटिलिया’ घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात अटक झाली आणि मे २०२१ मध्ये विभागीय चौकशीशिवाय बडतर्फी झाली. बडतर्फीसाठी वापरले ते हेच कलम ३११. परत घेणे प्रशासनाच्या हाती होते, काढणेही त्याच्याच हाती होते. मग कायद्याने हात बांधलेत ही तक्रार कशाला?

चौकशीशिवाय काढण्याची वाट याच कलमाच्या पोटात आहे. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, किंवा चौकशी करणे व्यवहार्य नाही असे लेखी कारण दिले, किंवा राज्याच्या सुरक्षिततेसाठी चौकशी नको असे राष्ट्रपतींना वा राज्यपालांना वाटले, तर चौकशी टाळता येते. १९८५च्या तुलसीराम पटेल निकालाने या अपवादांवर शिक्कामोर्तब केले. जम्मू-काश्मीरमध्ये २०२१ पासून तिसऱ्या अपवादाखाली अनेकांना घरी पाठवले गेले. दहशतवाद्याला साथ देणारा सेवेत नको, याबद्दल दुमत नाही. पण त्याने साथ दिली हे ठरवताना त्याला एक शब्दही बोलू न देणे फार धोक्याचे आहे. अपवाद सवयीचा झाला की, नियम कागदावरच उरतो.

तुलसीराम पटेलचा निकाल न्या. दि. पि. मादन यांनी लिहिला. ते आधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पुढच्याच वर्षी त्यांनीच कोलकात्याच्या एका सरकारी जलवाहतूक कंपनीचा, तीन महिन्यांची नोटीस देऊन कारण न सांगता काढण्याचा नियम रद्द ठरवला. एकाच लेखणीतून दोन्ही निकाल आले. जिथे संविधानानेच अपवाद लिहिला आहे तिथे तो मान्य. साहेबाने स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेला अपवाद मात्र चालणार नाही.

परिविक्षेवरच्या माणसाला तर ‘सेवेची गरज नाही’ एवढ्या ओळीत निरोप देण्याची चाल जुनी आहे. हैदराबादच्या पोलिस अकादमीतले आयपीएस प्रशिक्षणार्थी पावसामुळे पहाटेच्या कवायतीला उशिरा पोहोचले, आणि त्यांतल्या एकाला म्होरक्या ठरवून चौकशीविना काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्याला परत घ्यायला लावले. आदेशाची भाषा कितीही साधी असली तरी आत शिक्षा दडली असेल, तर चौकशी हवीच, हे त्या निकालाचे सार.

आता सगळ्यात मोठ्या भोकाकडे पाहू. ज्यांना हे संरक्षण मिळायला हवे, त्यांतले असंख्य लोक त्याच्या बाहेरच ठेवले आहेत. आरोग्य केंद्रातली कंत्राटी परिचारिका, तालुक्याचा डेटा एंट्री ऑपरेटर यांना अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. त्यांना काढावे लागतच नाही, पुढची ऑर्डर दिली नाही की झाले. आरोप नाही, चौकशी नाही, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट) टिकेल असा आदेशही हातात नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ संस्थांमार्फत बाह्यस्रोत भरतीचा निर्णय काढला होता. गदारोळ झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. निर्णय मागे गेला, पद्धत राहिली.

२००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराची भरती रोखली, ते योग्यच होते. पण त्याचाच आधार घेऊन सरकारे वर्षानुवर्षे राबवून घेतलेल्या माणसांना हाकलू लागली. डिसेंबर २०२४ मध्ये न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठापुढे केंद्रीय जल आयोगातल्या सफाई करणाऱ्या बायका आल्या. दहा वर्षांहून अधिक काळ राबल्यावर त्यांना २०१८ मध्ये अचानक काढले होते. पीठाने त्यांना परत घेऊन कायम करायला सांगितले आणि उमादेवीचा निकाल ढालीसारखा वापरणाऱ्या सरकारांना फटकारले. झाडू मारणारीला तिचा हक्क मिळवायला दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हा सरकारवरचा ठपका आहे.

म्हणून मागण्या तीन. विभागीय चौकशीला मुदत असावी आणि ती रखडवणाऱ्या अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात तशी नोंद व्हावी. चौकशी टाळण्याची कारणे काढलेल्या माणसाला लेखी मिळावीत आणि ती न्यायालयात तपासता यावीत. आणि कायमस्वरूपी कामावर असलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्याला काढण्याआधी आरोप सांगून त्याचे ऐकून घेण्याची सक्ती व्हावी. ऐकून घ्यायला सरकारचा पैसा खर्च होत नाही. ज्या सरकारला आपल्याच माणसाचे ऐकून घ्यायला वेळ नाही, ते दारात उभ्या असलेल्या नागरिकाचे काय ऐकणार?