शर्टाच्या आतला क्रूस

रविवारची मिस्सा सुटली की वसईच्या देवळाबाहेर (तिथले कॅथलिक चर्चला देऊळच म्हणतात) बाइकला टेकलेला एक पंचविशीतला गडी हमखास दिसतो. गळ्यात चांदीची साखळी, तिला क्रूस. त्याच कडीत अडकवलेलं लंबगोल पदक, इतकं झिजलेलं की त्यावरच्या मरियामातेचं नाक कधीच गेलंय. मनगटात दहा मण्यांचं ब्रेसलेट, बोटात दहा टेंगळांची अंगठी. बघणाऱ्याकडे दोन शेरे तयार असतात: 'पोरगा भाविक दिसतो' किंवा 'नुसती स्टाइल'. माझ्या मते दोन्ही शेरे भलत्याच माणसाला मारलेले आहेत. कॅथलिक पुरुष हे दागिने घालत नाही, ते त्याला घातले जातात. आणि घालणारी बहुधा घरातली एखादी बाई असते.

हिशेबच मांडा. क्रूस बाप्तिस्म्याला आजीने दिलेला, पदक पहिल्या कम्युनियनला आईने. ब्रेसलेट मावशीने वेलंकनीहून आणलं, दहावीच्या वर्षी. तो बोटीवर नोकरीला लागला तेव्हा थोरल्या बहिणीने अंगठी चढवली. पोराच्या आयुष्यात धोका वाढला की अंगावर एक नग वाढतो, मग त्याची भक्ती वाढो न वाढो. यातलं काहीही त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेलं नसतं. पदकावर कोण संत आहे असं विचारलं तर तो ते दोनदा उलटंपालटं करून बघतो आणि म्हणतो, "आईला माहीत." संत बेनेडिक्टच्या पदकावर सैतानाला हाकलणाऱ्या लॅटिन ओळींची आद्याक्षरं कडेने कोरलेली असतात. आपल्या गड्याला ती एखाद्या क्लासची जाहिरात वाटली तरी बिघडत नाही. सैतानाला कळली म्हणजे झालं. शिवाय ही रीत काही वसईच्या आयांनी काढलेली नाही. १८३० साली पॅरिसमध्ये कॅथरीन लाबूरे या तरुण व्रतस्थ बाईला झालेल्या दर्शनावरून 'चमत्कारी पदक' घडवलं गेलं आणि १८३२ साली शहरात पटकीची साथ आली तेव्हा तिच्याच संघातल्या सिस्टरांनी ते लोकांना वाटलं. म्हणजे काळजी करणारी बाई आणि मुकाट्याने गळ्यात घालून घेणारा माणूस ही जोडी तेव्हापासूनची. स्कॅप्युलरचंही तसंच. खांद्यावरून पुढे-मागे सोडायचे ते लोकरी कापडाचे दोन तुकडे. १९१० साली पोप दहाव्या पायस यांनी त्याऐवजी धातूचं पदक चालेल अशी मुभा दिली. आपल्याकडच्या घामाच्या हवेत ही मुभा किती पुरुषांच्या पाठीला पावली असेल!

यावर कुणी म्हणेल, मग दोन बटणं उघडी टाकून दोन तोळ्यांचा क्रूस मिरवणाऱ्याचं काय? १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'नंतर तर मुंबईला कॅथलिक गडी म्हणजे असाच हवा. मान्य, बटणं त्याची स्वतःची. पण सोनं बहुतेक वेळा लग्नातलं निघतं, म्हणजे त्यामागे सासूबाई आहेतच. आणि समोरून फादर येताना दिसले की दोन्ही बटणं आपोआप लागतात. फॅशनचं राज्य किती टिकतं ते रोझरीवरून कळावं. एकोणसाठ मण्यांची ती माळ प्रार्थना मोजण्यासाठी असते, गळ्यात मिरवण्यासाठी नव्हे. एखादा पोरगा गायकांचं बघून ती गळ्यात घालून जेवायला बसतो. आजी बोलत काहीच नाही, फक्त आमटी वाढता वाढता हात थांबवते. माळ खिशात जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग हा ताईतच झाला की! चर्चची शिकवण तर साफ सांगते की पदक ही श्रद्धेची खूण आहे, त्यात स्वतःची काही जादू नसते. फादर हे प्रवचनात समजावतात आणि आई मान डोलावते. पण पोराची बोट सुटायच्या आदल्या दिवशी तीच आई आणखी एक पदक फादरांकडून आशीर्वादित करून आणते. या विसंगतीबद्दल तिला दोष द्यायचा असेल तर आधी बोटीवरची वादळं थांबवावी लागतील.

खरी कसोटी लागते ती फुटबॉलच्या मैदानावर. खेळाच्या नियमावलीतला चौथा नियम दागिन्यांना सक्त मनाई करतो. वर चिकटपट्टी लावून झाकलेलंही चालत नाही. रेफरी गळ्याकडे बोट दाखवतो. गडी जरा कुरकुरतो, क्रूसाचं चुंबन घेतो आणि साखळी बुटांच्या पिशवीत, मोज्याच्या आत खोचून ठेवतो. शिट्टी वाजून सामना संपला की बाकीचे रेफरीला शिव्या घालत असतात आणि हा घामेजल्या हाताने पिशवी चाचपत असतो. साखळीचा हूक बारीक, बोटं जाड. शेवटी गोलकीपरसमोर मान वाकवून उभा राहतो आणि म्हणतो, "लाव रे लवकर, म्हातारी गेटवरच उभी असेल."